स्टार्स! (पत्रोपत्री खेळायचं अवकाशयुद्ध): वर्ष उलटताना आधी काय घडतं, नंतर काय

ध्रुवमत्स्य

गप्पांच्या धाग्यावर ‘स्टार्स!’बद्दल तेच तेच प्रश्न येत आहेत, म्हणून वेगळा धागा काढतोय. जेफ जॉन्सन आणि जेफ मॅकब्राइड यांचा हा गेम १९९५ साली शेअरवेअर म्हणून आला. जास्तीत जास्त १६ खेळाडू. एक टर्न म्हणजे एक वर्ष आणि सुरुवात २४०० सालापासून. सगळे आपापले हुकूम ईमेलने होस्टकडे (खेळ चालवणाऱ्याकडे) पाठवतात, होस्ट सगळ्यांचे एकदमच चालवतो. तुमची चाल आधी की माझी, हा प्रश्न इथे नाहीच. प्रश्न असतो तो वर्षाच्या पोटात कुठलं काम आधी होतं याचा, आणि निम्म्या लढाया हे माहीत नसल्यामुळे हरतात.

आधी फायली. .एक्सवाय म्हणजे नकाशा, सगळ्यांना एकच आणि एकदाच मिळतो. .एचएसटी होस्टकडे राहते, ती दुसऱ्या कोणी बघायची नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दर वर्षी .एम३ येते. तो हुकूम देतो त्याची .एक्स३ तयार होते, फक्त तीच परत पाठवायची. .एच३ ही त्याच्याच मशीनवर साठत जाते. टेहळणीत पूर्वी दिसलेले ग्रह, शत्रूच्या जहाजांचे आराखडे हे सगळं तिच्यात असतं. .एम३ हरवली तर होस्ट परत देईल, .एच३ हरवली तर जुनी टेहळणी गेली. घरी एक आणि ऑफिसात एक अशा दोन मशीनवर खेळणाऱ्यांनी .एच फाइल बरोबर न्यायला विसरू नये.

आता क्रम. वर्ष चालवलं की साधारण असं होतं:

सुरुवातीला मोडीत काढायची जहाजं मोडतात. मग ताफे जिथे उभे आहेत तिथली कामं होतात: उतरवणं, वसाहत करणं, चढवणं. याला वेपॉइंट शून्य म्हणतात. मग एका ग्रहावरून दुसऱ्यावर फेकलेली, आधीपासून अवकाशात असलेली खनिजांची पॅकेट पुढे सरकतात आणि पोचली तर आदळतात. त्यानंतर ताफे हलतात. सुरुंग लागणं, इंधन संपणं, स्टारगेटमधून (ताफा एका उडीत दूर नेणाऱ्या दारातून) जाणं हे सगळं याच टप्प्यात. मग खाणकाम, मग उत्पादन आणि संशोधन, मग लोकसंख्येची वाढ. याच वर्षी सोडलेली आणि याच वर्षी पोचणारी पॅकेट इथे आदळतात. त्यानंतर लढाई. मग बॉम्बफेक. मग वेपॉइंट एकची कामं, म्हणजे ताफा जिथे पोचला तिथे उतरवणं, स्वारी, चढवणं. शेवटी सुरुंग पेरणं, मग सुरुंग साफ करणं, मग दुरुस्ती.

ही यादी छापून भिंतीला लावा.

खडूस

यादी ठीक. पण यादी पाठ करून कोणी जिंकत नाही, तिचे परिणाम सांगा.

ध्रुवमत्स्य

सांगतो. सर्वांत महत्त्वाचा परिणाम: उत्पादन लढाईच्या आधी होतं. शत्रूचा ताफा पुढच्या वर्षी तुमच्या ग्रहावर पोचणार हे दिसलं, ग्रहाकडे रिसोर्स (वर्षभराची उत्पादनशक्ती) आणि खनिजं आहेत, तर आत्ता उत्पादनाच्या रांगेत सगळ्यात वर स्टारबेस (ग्रहाभोवतीचा अवकाशतळ) टाका. ताफा येईल तेव्हा स्टारबेस उभा असेल आणि लढेल. त्याच वर्षी बांधलेली जहाजंही लढतात. म्हणून हल्ला करणाऱ्याने ग्रहावर आज काय आहे ते मोजून भागत नाही. त्या ग्रहाला एका वर्षात काय बांधता येईल तेही धरावं लागतं. मोठ्या ग्रहावर हा फरक जीवघेणा असतो.

दुसरा: हालचाल आधी, लढाई नंतर, आणि लढाई फक्त वर्ष संपताना एकाच जागी असणाऱ्यांत. समोरासमोरून येणारे दोन ताफे एकमेकांना ओलांडून जातात, काही होत नाही. ‘मध्ये आडवा उभा राहतो’ असं अवकाशात करता येत नाही. आडवं येतात ते सुरुंगच.

तिसरा: लढाई, बॉम्बफेक, सैन्य उतरवणं हे तिन्ही एकाच वर्षात बसतं, त्याच क्रमाने. युद्धनौका, बॉम्बर आणि माणसं भरलेली मालवाहू जहाजं तिन्ही एकाच वर्षी पोचवली तर ग्रह त्याच वर्षी ताब्यात येऊ शकतो. अट एकच, स्टारबेस लढाईत पडला पाहिजे. तो उभा राहिला तर सैन्य उतरत नाही. मालवाहू जहाजंही त्याच लढाईत सापडतात, म्हणून त्यांना लढाईपासून दूर पळण्याचा वेगळा बॅटल प्लॅन द्या. सगळ्यांना एकच डिफॉल्ट प्लॅन ठेवू नका.

अनुस्वार

पॅकेटच्या बाबतीत हाच क्रम उलटा अंगावर येतो, तेवढं वर जोडा. आधीपासून उडत असलेलं पॅकेट उत्पादनाच्या आधी आदळतं. म्हणजे एका वर्षावर आलेलं पॅकेट दिसल्यावर रांगेत टाकलेली संरक्षणं आणि मास ड्रायव्हर (पॅकेट फेकणारं आणि पकडणारं यंत्र) उशिरा तयार होतात. दोन वर्षांवर असताना दिसलं तरच बांधण्यात अर्थ आहे. एका वर्षावर असेल तर लोकांना जहाजात चढवून हलवा, तेवढंच हातात असतं. पकडणाऱ्या ड्रायव्हरचा वॉर्प (वेगाची पातळी) पॅकेटच्या वॉर्पइतका किंवा जास्त असेल तर काहीच नुकसान नाही, उलट फुकटची खनिजं मिळतात.

सातवी_खोली

लढाया पुढच्या गोष्टी. नवे लोक २४२५पर्यंतच मागे पडतात, कारण पहिल्या ग्रहावर गर्दी करून बसतात. लोकसंख्येचं गणित कोणीतरी मांडा.

बोरेनियम

मांडतो. १०० टक्के अनुकूल ग्रहाची कमाल लोकसंख्या बहुतेक रेसना (खेळाडू बनवतो त्या वंशांना) १०,००,०००. हायपर एक्सपान्शन या प्रकारच्या रेसला निम्मी, जॅक ऑफ ऑल ट्रेड्सला २० टक्के जास्त. ग्रह २५ टक्के भरेपर्यंत वाढीचा दर पूर्ण मिळतो, मग घसरतो. २५ टक्क्यांच्या पुढचं सूत्र: दर × १६/९ × (१ − भरलेला भाग)चा वर्ग.

रेसचा दर १९ टक्के धरा आणि ग्रह १०० टक्क्यांचा:

२,५०,००० लोक असताना वर्षाला ४७,५०० वाढतात.
३,३०,००० च्या आसपास ५०,०००. हा माथा.
५,००,००० वर ४२,०००.
७,५०,००० वर १६,००० च्याही आत.

म्हणजे मूळ ग्रह तिसरा हिस्सा भरला की तिथून पुढे दर वर्षी जेवढे वाढतात तेवढे उचलून बाहेर न्यायचे. जहाजात १ किलोटन म्हणजे १०० माणसं. प्रवासात असलेल्या लोकांची वाढ होत नाही (इनर स्ट्रेंथ प्रकारची रेस सोडून), म्हणून एका वर्षात पोचता येईल अशाच ग्रहांना आधी भरा. वॉर्प ९ म्हणजे वर्षाला ८१ प्रकाशवर्षं, वॉर्प ७ म्हणजे ४९, वॉर्प ५ म्हणजे २५. वॉर्पचा वर्ग करा, झालं. ८० प्रकाशवर्षांवरचा ग्रह वॉर्प ८ ने दोन वर्षं घेतो आणि वॉर्प ९ ने एक. जास्त जळलेलं इंधन एका वर्षाच्या वाढीपेक्षा स्वस्त पडतं, फक्त परतीला टाकी रिकामी राहणार नाही हे बघा. इंजिन साधं असेल तर ताफ्यात एक इंधनवाहू जहाज जोडा.

तिरकस_घोडा

पण तिसऱ्या हिश्श्यावर ग्रह अडवून ठेवला की कारखाने चालवायला माणसं कमी पडतात. डिफॉल्ट सेटिंगला १०,००० लोक १० कारखाने चालवतात, १० कारखाने १० रिसोर्स देतात, आणि दर १,००० लोकांमागे १ रिसोर्स वेगळा. पूर्ण भरलेला ग्रह १,००० कारखाने धरून २,००० रिसोर्स देतो, तिसरा हिस्सा भरलेला ६६०. २४५० सालाला मोजणी करणार असाल तर मूळ ग्रह शेवटी भरावाच लागतो.

बोरेनियम

शेवटी, हो. सुरुवातीला नाही. आसपास हिरवे (राहण्याजोगे) ग्रह शिल्लक आहेत तोवर माणसं निर्यात करायची. ते संपले की मूळ ग्रह भरू द्यायचा. साधारण २४३०–३५ च्या पुढे.

आणि कारखान्यांची खरी अडचण माणसं नसून जर्मेनियम हे खनिज आहे. एका कारखान्याला १० रिसोर्स आणि ४ किलोटन जर्मेनियम लागतं. १,००० कारखान्यांना ४,००० किलोटन. रेस बनवताना ‘एक किलोटन कमी’चा चौकोन भरला तर ३,०००. हा चौकोन जवळजवळ नेहमी भरावा. नव्या वसाहतीवर जमिनीत जर्मेनियमचं प्रमाण कमी असेल तर मूळ ग्रहावरून पहिल्या खेपेतच माणसांबरोबर ते पाठवा. नाहीतर लोक आहेत, रिसोर्स आहेत आणि ग्रह १५ वर्षं तसाच कुजतोय, असं होतं.

मूळ ग्रहाचं खनिजांचं प्रमाण ३० च्या खाली जात नाही, त्यामुळे तिथल्या खाणी कधीच वाया जात नाहीत. इतर ग्रहांवर मात्र खाणी वाढवाल तसं प्रमाण उतरतं.

सातवी_खोली

उत्पादनाच्या रांगेबद्दल पण लिहा. तिथे सगळ्यात जास्त वर्षं फुकट जातात.

बोरेनियम

रांगेत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. ‘ऑटो’ कारखाने, ऑटो खाणी वगैरे खनिज संपलं की बाजूला सरकतात आणि खालच्याला वाट देतात. साधी नोंद तसं करत नाही. वर साधं ‘कारखाने ५०’ लिहिलंय आणि जर्मेनियम संपलं, तर ती नोंद तिथेच अडून बसते आणि तिच्याखालचं काहीही होत नाही. म्हणून जहाज किंवा स्टारबेस वर हवं असेल तेव्हा खनिजं पुरतात का ते आधी बघायचं. ऑटोच्या नोंदी कायम तळाला ठेवायच्या.

नव्या वसाहतींवर ‘उरलेले रिसोर्सच संशोधनाला’ हा चौकोन भरा. डिफॉल्टमध्ये १५ टक्के संशोधनाला कापले जातात आणि १२ रिसोर्सच्या ग्रहाला ते परवडत नाही.

खडूस

‘२४५०पर्यंत २५,००० रिसोर्स’ हा इंग्रजी फोरमांवरचा जुना मापदंड सगळे डोळ्यांपुढे ठेवतात. ते आकडे रिकाम्या विश्वात, शेजारी नसताना, सराव म्हणून काढलेले असतात. खऱ्या खेळात शेजारी वॉर माँगर (लढाऊ प्रकारची रेस) निघाला तर २४३० ला तो दारात उभा असतो आणि तुमचे कारखाने त्याला आयते मिळतात. संशोधनाची वेपन्स शाखा ‘५० टक्के स्वस्त’ न घेतलेली रेस माझ्या मते खेळायला घेऊच नये. बाकीच्या पाच शाखांतल्या दोन-तीन ७५ टक्के महाग घ्या आणि ‘महाग शाखा तिसऱ्या पातळीपासून’ हा चौकोन भरा. गुण तिथूनच मिळतात.

बोरेनियम

वेपन्स स्वस्त, मान्य. पण २४३०च्या हल्ल्याला घाबरून पहिल्या २० वर्षांत युद्धनौका बांधणारा २४६०ला संपलेला असतो. दोन शेजाऱ्यांशी लेखी करार आणि सीमेवर सुरुंग, एवढ्यात तेवढी वर्षं निघतात.

अनुस्वार

सुरुंगांचे आकडे देतो, कारण ‘सुरुंग आहेत, जाऊ नका’ एवढ्याने कोणाचंच समाधान होत नाही.

क्षेत्राची त्रिज्या म्हणजे सुरुंगांच्या संख्येचं वर्गमूळ. २,५०० सुरुंग म्हणजे ५० प्रकाशवर्षांची त्रिज्या. साध्या सुरुंगांत वॉर्प ४ पर्यंत सुरक्षित. त्याच्या वर प्रत्येक वॉर्पमागे, प्रत्येक प्रकाशवर्षाला ०.३ टक्के शक्यता. म्हणजे ५० प्रकाशवर्षं आतून जायची असतील तर:

वॉर्प ४ ला शून्य, पण चार वर्षं.
वॉर्प ६ ला एकूण २६ टक्के, दोन वर्षं.
वॉर्प ९ ला ५३ टक्के, एक वर्ष.

लागला की ताफा तिथेच थांबतो. नुकसान प्रत्येक जहाजाच्या प्रत्येक इंजिनामागे १००, रॅमस्कूप (वाटेतच इंधन गोळा करणारं) इंजिन असेल तर १२५. ताफा छोटा असला तरी एकूण किमान ५०० (रॅमस्कूपला ६००). म्हणून एकटं टेहळणी जहाज हमखास मरतं आणि मोठा ताफा नुसता जखमी होतो. जड सुरुंगांत वॉर्प ६ पर्यंत सुरक्षित पण त्यापुढे दर वॉर्पला १ टक्का. स्पीड बंप प्रकारात वॉर्प ५ पर्यंत सुरक्षित आणि पुढे ३.५ टक्के, नुकसान करत नाहीत, फक्त थांबवतात. पण पाठलागावर असलेल्या शत्रूसमोर थांबणं म्हणजे तेच.

साफसफाई बीम (किरण) शस्त्रांनी होते: शक्ती × पल्ल्याचा वर्ग. याकिमोरा लाइट फेझर, फेझर बझूका आणि कोलॉइडल फेझर या तिघांचीही शक्ती २६ आहे, पण पल्ले १, २ आणि ३. वर्षाला साफ होतात २६, १०४ आणि २३४ सुरुंग. साफसफाईचं जहाज बनवताना पल्ला बघा. वरच्या क्षेत्रातले ९०० सुरुंग काढले तर त्रिज्या ५० वरून ४० होते, बस. पेरणं आधी आणि साफ करणं नंतर, त्यामुळे साफ करणारा आत बसलेला असताना पेरलेले त्याच वर्षी जातात. त्याला हाकलल्याशिवाय पेरत बसणं व्यर्थ.

निळा_कंदील

वाचनखूण साठवली. चाफ हा काय प्रकार आहे? सगळीकडे उल्लेख येतो.

खडूस

स्वस्तातली मरायला पाठवायची जहाजं. एक क्षेपणास्त्र जास्तीत जास्त एकच जहाज मारतं, मग त्याची ताकद कितीही असो. प्रत्येकी १६ जुगरनॉट क्षेपणास्त्रं लावलेल्या २० बॅटलशिप एका फैरीत ३२० क्षेपणास्त्रं सोडतात. नेम ८० टक्के बसला तर २५६ मारे. समोर ३०० चाफ असतील तर पहिली पूर्ण फैरी त्यांच्यावर जाते आणि मागच्या महागड्या नौका शाबूत राहतात.

बनवायचं असं: फ्रिगेटचा सांगाडा, सर्वांत स्वस्त क्विक जंप ५ इंजिन, एक एक्स-रे लेझर. चिलखत, ढाल काही नाही. लेझर लावायचा तो मारण्यासाठी नाही. शत्रूचं पहिलं लक्ष्य बहुधा ‘सशस्त्र जहाजं’ असतं, निःशस्त्र चाफकडे तो बघतच नाही. लक्ष्य निवडताना किंमत आणि मारायला लागणारा मारा यांचं गुणोत्तर बघितलं जातं, म्हणून ढाल नसलेलं जहाज आधी ओढून घेतं.

यावर उतारा बीम शस्त्रं. बीमचा उरलेला मारा त्याच गटातल्या पुढच्या जहाजावर जातो, एका फैरीत शेकडो चाफ साफ. निव्वळ क्षेपणास्त्रांचा ताफा घेऊन जाणारा चाफपुढे फसतो. लढाई १० × १० च्या पटावर, जास्तीत जास्त १६ फेऱ्या.

निळा_कंदील

जुगरनॉटचा नेम तर २० टक्केच दाखवतो. ८० कुठून आला?

खडूस

जहाजावर लावायचे कॉम्प्युटर. ते चुकण्याची शक्यता कमी करतात आणि गुणाकाराने. जुगरनॉट ८० टक्के वेळा चुकतं. सुपर कॉम्प्युटर चुकणं ३० टक्क्यांनी कमी करतो. चार लावले तर ०.८ × ०.७ × ०.७ × ०.७ × ०.७ = ०.१९. म्हणजे ८१ टक्के बसतात. पाचवा लावून जेमतेम पाच-सहा टक्के मिळतात, ती जागा ढालीला द्या. शत्रूचे जॅमर (नेम बिघडवणारी यंत्रं) हे उलट दिशेने खेचतात, ते टेहळणीत बघूनच आकडा ठरवा. चुकलेलं क्षेपणास्त्रही ढालींना आठवा हिस्सा मारा देऊन जातं.

तिरकस_घोडा

एक धोक्याची सूचना. जहाजांचे आराखडे फक्त १६ ठेवता येतात. नवा करायला जागा नाही म्हणून जुना आराखडा पुसला तर त्या आराखड्याची सगळी जहाजं त्याच क्षणी नाहीशी होतात. वसाहती संपल्यावर ‘आता कशाला’ म्हणून कॉलनी शिपचा आराखडा पुसणं ठीक, पण मध्यम फ्रेटर पुसला आणि ३० जहाजांसकट अख्खी वाहतूक गेली, हे प्रत्येक खेळात कोणाचं ना कोणाचं होतं.

अनुस्वार

६४ बिटच्या विंडोजवर हा गेम थेट चालत नाही, मूळ प्रोग्रॅम १६ बिटचा आहे. विनईव्हीडीएम टाकून चालतो, लिनक्सवर वाइनमध्ये चालतो, नाहीतर डॉसबॉक्समध्ये विंडोज ३.१.

चांदणचुरा

टपालाचा खेळ म्हटल्यावर फ्लाइंग बफेलोचं नाव यायला हवं. अमेरिकेत रिक लूमिस यांनी १९७० मध्ये ‘न्यूक्लियर डिस्ट्रक्शन’ खऱ्याखुऱ्या टपालाने सुरू केला आणि १९७६ मध्ये ‘स्टारवेब’. १५ खेळाडू, हुकूम कागदावर लिहून पाठवायचे, कंपनी संगणकावर चालवून छापील निकाल परत धाडायची. तिथेही सगळ्यांचे हुकूम एकदम. स्टार्स!चा स्वभाव तिथलाच आहे, फक्त पाकिटं गेली.

सातवी_खोली

मग इथल्यांचा एक खेळ लावायचा का? आठ जण तरी होतील.

ध्रुवमत्स्य

लावूया. माझा प्रस्ताव: मध्यम विश्व (१,२०० प्रकाशवर्षं), ग्रहांची घनता नॉर्मल, खेळाडू आठ. अॅक्सिलरेटेड बीबीएस प्ले चालू, म्हणजे सुरुवातीची लोकसंख्या जास्त आणि पहिली कंटाळवाणी वर्षं वाचतात. रँडम घटना बंद, कारण धूमकेतू एखाद्याच्या मूळ ग्रहावर पडला तर तो तिथेच खेळ सोडतो. गुणतक्ता सर्वांना दिसणारा नको.

वेग: २४३०पर्यंत आठवड्याला पाच टर्न, नंतर तीन. वेळ १८:०० जीएमटी, म्हणजे भारतात रात्री साडेअकरा, आणि न्यू जर्सीवाल्यांना उन्हाळ्यात दुपारचे दोन. .एक्स फाइल आली नाही तरी वर्ष चालेल. रांगा आणि आधी दिलेले मार्ग चालू राहतात, नवीन काही होत नाही. सुट्टीवर जाणाऱ्याने दोन दिवस आधी सांगायचं, एकदाच थांबवता येईल. मागच्या वर्षाची .एक्स पाठवली तर ती स्वीकारली जात नाही, म्हणून पाठवण्याआधी वर्ष तपासा.

खडूस

युतीचं आधी ठरवा. दोघांपेक्षा जास्त जणांची युती नको. आणि माहीत असलेल्या त्रुटींपैकी कोणत्या वापरायच्या नाहीत त्याची यादी खेळ सुरू होण्याआधी लावा, मधे नाही.

ध्रुवमत्स्य

युती दोघांची, चालेल. गेममध्ये मित्राला नकाशा देण्याची सोय नाही, पण ग्रहांचा आणि ताफ्यांचा अहवाल टेक्स्ट फाइलमध्ये काढता येतो. ती फाइल मित्राला पाठवायला परवानगी. .एम फाइल आणि पासवर्ड देणं मात्र नाही. त्रुटींची यादी उद्या लावतो.

निळा_कंदील

नवीन माणसाने कुठली रेस घ्यावी?

बोरेनियम

जॅक ऑफ ऑल ट्रेड्स किंवा इंटरस्टेलर ट्रॅव्हलर. वाढ १८–१९ टक्के, कारखाने: १० ला १२ रिसोर्स, किंमत ९, १०,००० लोकांना १४ किंवा १५, जर्मेनियमचा चौकोन भरलेला. खाणी डिफॉल्टच्या जवळपास. वेपन्स स्वस्त, एनर्जी आणि बायोटेक महाग. इम्प्रूव्हड फ्युएल एफिशियन्सी घ्याच, फ्युएल मायझर इंजिन त्यातूनच मिळतं आणि पहिल्या ३० वर्षांची वाहतूक त्यावर चालते. गुण उणे गेले तर आधी ग्रहांच्या अनुकूलतेची रुंदी थोडी कमी करा, वाढीचा दर शेवटी. अल्टरनेट रिअॅलिटी अजिबात नको, त्यांचे लोक स्टारबेसवर राहतात आणि बेस गेला की सगळेच गेले.

निळा_कंदील

.आर१ फाइल तयार केली. पासवर्ड रेस फाइलमध्येच घालायचा का?

ध्रुवमत्स्य

हो, रेस बनवतानाच घाला आणि लिहून ठेवा. फाइल मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका, व्यनिला जोडपत्र जात नाही. होस्टिंगचा ईमेल पत्ता मी नावं नोंदवणाऱ्यांना पाठवतो. आतापर्यंत पाच नावं झाली, तीन हवीत.